क्लॉनमेलची बाटली, बेळगावची पाटी

माझा भाचा दोन वर्षांपासून डब्लिनला शिकतो. गेल्या सुट्टीत तो मित्रांबरोबर रेल्वेनं बेलफास्टला गेला आणि तिथून त्यानं मला दोन फोटो धाडले. एक डब्लिनच्या दुकानातल्या सायडरच्या बाटलीचा, दुसरा बेलफास्टच्या. बाटलीचा घाट तोच, चिठ्ठीचा रंग तोच, आतलं पेयही तेच. पण पहिलीवर ‘बल्मर्स’ लिहिलेलं आणि दुसरीवर ‘मॅग्नर्स’. खाली एकच ओळ होती: ‘मामा, हे आपल्या कोगनोळीगत झालं की.’

कोगनोळी आमच्याकडं कुणाला सांगावी लागत नाही. कागल मागं टाकून निपाणीकडं निघालं की टोलनाका लागतो आणि कर्नाटक सुरू होतं. महाराष्ट्राच्या एसटीच्या पाटीवर ‘बेळगाव’ असतं, तिच्या पुढंमागं धावणाऱ्या कर्नाटकाच्या बसवर कन्नडमधून ‘बेळगावी’. दोन्ही गाड्यांतली माणसं उतरतात एकाच गावात. भाच्याला परदेशातल्या सीमेवर हेच आठवलं. मी मात्र त्या बाटलीची गोष्ट खणत गेलो. नाव मालकीचं कुणाच्या आणि तोंडी कुणाच्या, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इतकं स्वच्छ मला दुसरीकडं कुठं दिसलं नव्हतं.

आधी सायडर म्हणजे काय ते. जांबोटी-कणकुंबीकडच्या किंवा चंदगडच्या माणसाला चटकन कळेल. काजूचे बोंडू चेचून रस काढायचा, तो आंबू द्यायचा, मग भट्टी लावायची. पहिल्या धारेचा उर्राक, पुन्हा भट्टी लावली की फेणी. सायडरमध्ये बोंडूच्या जागी सफरचंद असतं आणि भट्टी नसतेच. शरद ऋतूत फळं चेचून रस काढतात, आंबवतात, मुरू देतात. ही सफरचंदं खायच्या कामाची नसतात, बरीचशी तुरट असतात. तुरटपणाशिवाय सायडरला अंग येत नाही. मद्यार्क साधारण साडेचार टक्के, म्हणजे बिअरच्या आसपास. फेणीचा उल्लेख आणखी एका कारणासाठी केला. २००९ मध्ये फेणीला गोव्याचं म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. चोर्ला घाटाच्या अलीकडं त्याच जातीच्या बोंडवापासून, त्याच रीतीनं कुणी काढली तरी तिला ते नाव लावता येत नाही. फळ सीमा ओलांडतं, नाव ओलांडत नाही.

आता ही बाटली जिथली, ते क्लॉनमेल. आयर्लंडच्या दक्षिणेला, टिपररी परगण्यात, शूर नदीच्या काठी हे गाव आहे. आयरिश भाषेतलं मूळ नाव ‘क्लुअन मेला’, म्हणजे मधाचं कुरण. आमच्या बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूचं गाव, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला असं नाव लगेच जवळचं वाटतं. या गावात १९३५ मध्ये विल्यम मॅग्नर यांनी सायडरचा धंदा सुरू केला. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, इंग्लंडच्या एच. पी. बल्मर कंपनीनं त्यातला निम्मा हिस्सा घेतला. ही कंपनी हेरफर्डची. तिथल्या एका पाद्र्याच्या मुलानं, पर्सी बल्मर यांनी, १८८७ मध्ये ती काढली होती, आणि सायडरच्या धंद्यात तिचा हात धरणारं फारसं कुणी नव्हतं. १९४६ मध्ये उरलेला हिस्साही तिच्याकडं गेला आणि क्लॉनमेलच्या कारखान्यावरची पाटी बदलली. मॅग्नर नाव उतरलं, बल्मर्स चढलं.

या ठिकाणी थोडं थांबायला हवं. आयर्लंडचा बहुतेक भाग इंग्रजांच्या अमलातून सुटून तेव्हा पंचवीस वर्षंही झाली नव्हती. अशा देशात आपल्या माणसाचं नाव जाऊन इंग्लिश कुटुंबाचं नाव बाटलीवर आलं. तरी लोकांनी ते तोंडात घेतलं, आणि दोन पिढ्यांत ते नाव त्यांचंच झालं. आज डब्लिनच्या माणसाला बल्मर्स परकं वाटत नाही. लग्नात, मॅचला, बारशाला तो तेच मागतो. नाव कुठून आलं यापेक्षा ते कुणाच्या घरात वाढलं, याला वजन जास्त.

पुढं साठच्या दशकात इंग्लिश कंपनी त्या धंद्यातून बाहेर पडली. आयर्लंडपुरता बल्मर्स नावाचा हक्क मात्र क्लॉनमेलच्या कारखान्याकडंच राहिला. १९६५ मध्ये गावाबाहेर ॲनरव्हिलला नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा उद्घाटनाला पंतप्रधान शॉन लेमास स्वतः आले होते. कालांतरानं हा सगळा कारभार सी अँड सी या आयरिश समूहाकडं आला. आता एकाच नावाचे दोन मालक झाले होते. आयर्लंडमध्ये बल्मर्स म्हणजे क्लॉनमेलचं, इंग्लंडमध्ये बल्मर्स म्हणजे हेरफर्डचं. जोवर दोघं आपापल्या गावात होते तोवर कुणाचं कुणाला अडलं नाही.

घरच्या बाजारात सायडरची अब्रू मात्र पार उतरली होती. ऐंशीच्या दशकात आयर्लंडमध्ये सायडर म्हणजे स्वस्तात चढणारी, मोठ्या बाटलीत मिळणारी, कोवळ्या पोरांनी शेतात-मैदानात लपून प्यायची गोष्ट, असा समज झाला होता. कंपनीपुढं दोन वाटा होत्या. बदनाम नाव टाकून द्यायचं, नाहीतर नावाला चिकटलेला अर्थ बदलायचा. तिनं दुसरी धरली, आणि मला या सगळ्या इतिहासात हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नावाला हात लावला नाही. जाहिरातींत बागा आल्या, ऋतू आले, मुरणं आलं. ‘काळाखेरीज काही मिसळलेलं नाही’ अशा अर्थाचं त्यांचं घोषवाक्य गाजलं. पाइंटची काचेची बाटली, मोठा ग्लास, भरपूर बर्फ, अशी पिण्याची रीत रुजली. शेतात लपून प्यायचं पेय चारचौघांत टेबलावर आलं. दारूच्या जाहिरातीचं कौतुक करावं असं माझं म्हणणं नाही. ज्या घरात त्या बाटलीनं नुकसान केलं त्यांना बागेचं चित्र दाखवून काय होणार? पण नाव न बदलता नावाचं रूप कसं पालटतं, ते इथं दिसतं.

खरं नामांतर झालं ते घराबाहेर. १९९९ मध्ये कंपनीनं देशाबाहेर विक्री करायची ठरवली तेव्हा वाट अडली. ब्रिटनमध्ये बल्मर्स दुसऱ्याचं होतं. उत्तर आयर्लंडही ब्रिटनच्या राज्यात, त्यामुळं तिथंही तीच अडचण. तेव्हा कपाटातलं जुनं नाव बाहेर काढलं गेलं: मॅग्नर्स. ज्या माणसानं धंदा सुरू केला आणि ज्याचं नाव घरच्या पाटीवरून १९४६ मध्ये उतरलं, ते परमुलखातल्या बाटलीवर परत चढलं. घरी मात्र बल्मर्सच राहिलं. २००६ च्या कडक उन्हाळ्यात ब्रिटनभर बर्फावरचं मॅग्नर्स इतकं खपलं की इंग्लंडच्या बल्मर्सनंही तसलीच बाटली बाजारात उतरवली. म्हणजे लंडनच्या एकाच फळीवर दोन बाटल्या: एक मॅग्नर्स, जी डब्लिनमध्ये बल्मर्स असते, आणि एक बल्मर्स, जी डब्लिनचं बल्मर्स नव्हे.

गुंता पुढं वाढतच गेला. २००३ मध्ये हेरफर्डची कंपनी स्कॉटिश अँड न्यूकॅसल या ब्रिटिश बिअर कंपनीनं घेतली, आणि २००८ मध्ये ती हाइनिकेन या डच बिअर कंपनीच्या पदरात पडली. हाइनिकेनकडं ब्रिटनमधलं बल्मर्स आहे, पण आयर्लंडमध्ये ते नाव ती वापरू शकत नाही. २०१५ मध्ये तिला आयर्लंडच्या बाजारात सायडर आणायचं होतं तेव्हा ‘ऑर्चर्ड थीव्ज’ असं कोरं नाव घ्यावं लागलं.

याच्या मुळाशी कायद्याचं एक साधं तत्त्व आहे. व्यापारचिन्हाचा हक्क देशापुरता असतो, प्रत्येक देशाचं रजिस्टर वेगळं. आपल्याकडं पुण्याच्या ‘बर्गर किंग’चा खटला याच जातीचा. पुण्यातलं ते उपाहारगृह १९९२ पासूनचं, अमेरिकी कंपनी भारतात आली २०१४ मध्ये. कंपनीनं २०११ मध्येच दावा लावला होता. २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं तो फेटाळला. त्याच वर्षअखेरीला उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या मालकांना ते नाव वापरायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली. जगात मोठं कोण आणि इथं आधी कोण, यातलं कुठलं पारडं जड, याचं उत्तर प्रत्येक देशातलं न्यायालय आपापल्या कायद्यानं काढतं.

भाचा ज्या उत्तर आयर्लंडात गेला होता, तिथं गावाच्या नावाचाही असाच वाद आहे, आणि तो सायडरपेक्षा कितीतरी जुना. मूळ गाव डेरी. १६१३ च्या सनदेनं त्याला ‘लंडन’ जोडून लंडनडेरी केलं. आयर्लंडशी नातं सांगणारे डेरी म्हणतात, ब्रिटनशी सांगणारे लंडनडेरी. १९८४ मध्ये नगर परिषदेनं स्वतःच्या नावातून लंडन काढलं, शहराचं कायदेशीर नाव मात्र तेच राहिलं. रस्त्यावरच्या पाट्यांवर ‘लंडन’ तेवढं रंगानं पुसलेलं दिसतं. काळं फासलेल्या पाट्या बघत वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

आपली पाटी १ नोव्हेंबर २०१४ ला बदलली. कर्नाटकानं बारा शहरांची इंग्रजी नावं एकदम बदलली, त्यात बेळगाव होतं. १९५६ मध्ये आमचा भाग ज्या दिवशी म्हैसूर राज्यात गेला आणि जो दिवस मराठी माणूस इथं काळा दिन म्हणून पाळतो, त्याच तारखेला. नेमकेपणानं सांगायचं तर कन्नडमध्ये हे गाव आधीपासून बेळगावीच होतं आणि मराठीत बेळगाव. बदललं ते इंग्रजांनी रूढ केलेलं इंग्रजी रूप. तिथं कन्नड उच्चार बसला आणि मराठी उच्चाराला सरकारी कागदावर जागा उरली नाही. दुखणं ते आहे. कन्नड शेजाऱ्यानं बेळगावी म्हणावं, त्याच्या आजीनंही तेच म्हटलं असेल. माझ्या आजीनं बेळगाव म्हटलं, तेही तितकंच या मातीतलं. रेल्वे स्टेशनचं सांकेतिक नाव अजून बीजीएमच आहे. तिकीट काढताना ती तीन अक्षरं दिसली की मला बरं वाटतं.

आता बाजारात चला. खडेबाजारात कुंदा घ्यायला गेलो होतो. आटवलेल्या दुधाचा, जळक्या साखरेनं तांबूस झालेला तो कुंदा दुकानदारानं डब्यात थापला. झाकणावर मोठं कन्नड, त्याखाली इंग्रजी, तळाला बारीक मराठी. मी विचारलं, पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं काय म्हणून मागतात? तो म्हणाला, ‘बेळगावचा कुंदा द्या म्हणतात. बेळगावी म्हटलं तर फोनवर परत विचारतात, तोच का हो? म्हणून मी आपलं दोन्ही छापलंय.’ क्लॉनमेलला दोन चिठ्ठ्या लागल्या. आमच्या माणसानं एकाच झाकणावर भागवलं.

कोल्हापुरी चपलेचं याच्या उलट झालं. ती आमच्या जिल्ह्यात, अथणी-निपाणीकडं, पिढ्यान्‌पिढ्या होते, पण विकली जाते ती कोल्हापूरच्या नावानं. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेच्या दोन्ही अंगांना एकाच नावावर सारखा हक्क देणारा हा दुर्मीळ सरकारी कागद. तो व्हावा असं मला फार दिवस वाटत होतं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि आधी कुणाचं नाव घेतलं नाही, तेव्हा इकडून ओरड झाली, ती रास्तच होती. त्या वादात कोल्हापूरचं नाव जगभर गेलं. अथणीचं फारसं कुणी घेतलं नाही.

त्याच पावसाळ्यात अथणी तालुक्यात एका कारागिराच्या ओसरीवर बसलो होतो. तो तळ कापत होता, बायको पट्ट्याची वेणी घालत होती. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. तयार जोड उलटा करून त्यानं दाखवला. तळव्यावर ठसा उमटला होता: कोल्हापूर. ठसा व्यापाऱ्यानं आणून दिलेला, मालाबरोबर.

अथणी नावाचा ठसा करायला किती लागतील, असं मी विचारलं.

‘लोहाराला दोन-तीनशे दिले की झालं,’ तो म्हणाला. ‘पण त्या नावानं मागणारा पायजे की ओ.’