बर्फातली शिरगणती

डिसेंबरचा मध्य उलटला की अमेरिका-कॅनडातल्या कितीतरी गावांत तीन-चार जणांचं टोळकं काळोखातच बर्फ तुडवत निघतं. आधी घुबडांचा कानोसा घ्यायचा, उजाडलं की दुर्बीण डोळ्यांना लावायची. श्वासाची वाफ भिंगावर बसते, ती पुसायची. हातमोजा काढून वहीत आकडा टिपायचा आणि बोटं बधिर व्हायच्या आत पुन्हा चढवायचा. दिवसभर हेच चालतं. याचे कुणाला पैसे मिळत नाहीत.

ही नाताळची पक्षीगणना. एकोणिसाव्या शतकात तिथे नाताळला ‘साइड हंट’ चाले. दोन गट पाडून रानात शिरायचं, दिसेल तो पशुपक्षी मारायचा; ज्यांचा ढीग मोठा, ते जिंकले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीतले पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांना हे सहन होईना. मोजण्याची सवय त्यांना जुनीच होती. १८८६ मध्ये मॅनहॅटनच्या रस्त्यांवर फिरून त्यांनी बायकांच्या ७०० टोप्या पाहिल्या होत्या, त्यातल्या ५४२ टोप्यांवर पिसं किंवा अख्खे पक्षी खोचलेले होते. १९०० च्या नाताळात आपल्या ‘बर्ड-लोअर’ मासिकातून त्यांनी वाचकांना सुचवलं, की पक्षी मारण्याऐवजी मोजा. पहिल्या वर्षी जेमतेम २७ माणसं पुढे आली. २५ ठिकाणी मिळून त्यांनी सुमारे १८,५०० पक्षी नोंदवले. आज अशी दोन हजारांहून जास्त ठिकाणं आहेत.

पद्धत साधी, पण शिस्तीची. १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर व्यासाचं एक वर्तुळ ठरलेलं असतं. १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळातल्या एका दिवशी तिथे दिसलेला, ऐकू आलेला प्रत्येक पक्षी मोजायचा. माणसं जास्त गेली तर पक्षीही जास्त दिसणारच, म्हणून किती गट किती तास हिंडले याचीही नोंद होते आणि संशोधक त्या हिशेबाने आकडे पडताळतात. ज्यांना बर्फात चालवत नाही, ते वर्तुळातल्याच आपल्या घरी खिडकीशी बसून अंगणातल्या दाण्यांवर येणारे पक्षी मोजतात. तिथे एकच चिकाडी (हा एक चिमुकला पक्षी) दहादा येऊ शकते, म्हणून एका नजरेत जास्तीत जास्त जितक्या दिसल्या, तेवढाच आकडा लिहायचा.

ही काळ्या टोपीची चिकाडी आपल्या वल्गुली (टिट) पक्ष्याच्या कुळातली. वजन पाच रुपयांच्या दोन नाण्यांएवढं. दिवसभर खाऊन साठवलेली चरबी ती रात्री कुडकुडत जाळते, आणि तीही पुरावी म्हणून शरीराचं तापमान नेहमीच्या ४२ अंशांवरून दहा-बारा अंशांनी खाली आणते. मग अंगणात ठेवलेल्या मूठभर बियांनी खरंच काही फरक पडतो का? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये झालेला, १९८८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पडतो. दाणे मिळणाऱ्या चिकाड्यांपैकी ६९ टक्के हिवाळ्यातून तरल्या, न मिळणाऱ्यांपैकी ३७ टक्केच. हा फरक मुख्यतः कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांतला. आणि दाणे मिळणाऱ्या चिकाड्याही आपलं बहुतेक अन्न रानातूनच मिळवत होत्या. दाण्यांनी त्या आळशी होतात, ही भीती मला तरी पटत नाही.

वह्यांमधल्या आकड्यांचं मोल वर्षं साठतील तसं वाढत गेलं. चाळीस वर्षांच्या नोंदी २००९ मध्ये तपासल्या, तेव्हा ३०५ जातींपैकी निम्म्याहून अधिक पक्षी हिवाळ्याला पूर्वीपेक्षा उत्तरेकडे राहू लागल्याचं दिसलं. थंडी मागे सरकत असल्याची ती साक्ष होती. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, हा २०१९ चा धक्कादायक निष्कर्षही काही अंशी याच नोंदींवर उभा आहे. आपल्याकडे जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणथळींवर पाणपक्षी मोजणारे स्वयंसेवक याच जातकुळीचे. एका दिवसाचा आकडा फार काही सांगत नाही. पण तीच जागा, तोच हंगाम, वर्षानुवर्षं, हे कुठल्याही संस्थेला पगारी माणसं ठेवून परवडणारं नाही.

१९८० च्या दशकात या गणनेतून एक गोष्ट लख्ख दिसली. अमेरिकन काळं बदक हिवाळ्यागणिक कमी होत चाललं होतं. त्यानंतर त्याच्या शिकारीला आवर घालण्यात आला.