‘बारा बोअरला नेम धरावा लागत नाही’ हा समज सोडा

जावळी-पाटणकडच्या गावांत वर्षानुवर्षं सांगतात, “नवशिक्याला बारा बोअरच (छर्ऱ्यांची बंदूक) द्या. छर्रे पसरतात, नेम धरायला नको.” हे साफ चूक आहे. छर्रे पसरतात, पण 10 मीटरवर तो पसारा जेमतेम जेवणाच्या ताटाएवढा असतो. नेम हातभर चुकला की सगळा बार वाया.

खरं नुकसान खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचं. दोन-चार बारांतच नवखा माणूस धसका घेतो. मग कुणी त्याच्या नकळत डमी, म्हणजे न उडणारं नकली काडतूस भरलं, तर घोडा दाबताक्षणी नळी खाली डुचकताना स्पष्ट दिसते. आवाज नाही, धक्का नाही, तरी डोळे मिटलेले! ही खोड मोडायला फार वेळ जातो, म्हणून ती लागूच देऊ नये.

सुरुवात 4.5 मिलिमीटरच्या एअर रायफलवर (हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या बंदुकीवर), प्रशिक्षकासमोर करावी. तिला पोरखेळ समजू नका. 10 मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, मात्र हाताच्या लांबीला बसणारा हवा. आजोबांची बंदूक नातवाच्या मापाची असेलच असं नाही, आणि परवाना तर ज्याचा त्यालाच लागतो.