टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) ऑइल गळतंय? बोल्ट आवळू नका

'बोल्ट अर्धा फेरा आवळा, गळती थांबेल' हा सल्ला जुना आहे, आणि चुकीचा. उष्णतेने कव्हरखालचं रबरी पॅकिंग कडक, चपटं झालेलं असतं. जास्त आवळलं तर प्लास्टिकचं कव्हर तडकतं किंवा हेडमधले (कव्हर ज्यावर बसतं त्या इंजिनाच्या वरच्या भागातले) आटे जातात. पॅकिंगच बदला, स्पार्क प्लगच्या नळ्यांच्या सीलसकट. नाहीतर तिथे ऑइल साचून मिसफायर होतो, म्हणजे ठिणगी नीट न पडून इंजिन अडखळतं. इंजिन थंड असतानाच कव्हर काढा, अ‍ॅल्युमिनियमवर जुनं पॅकिंग खरवडायला लोखंडी पातं चालवू नका. सिलिकॉन सीलंट सगळीकडे फासायची हौस नको: टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचं झाकण) हेडला मिळतं त्या सांध्यांवरच थेंबभर. बसवताना बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत आवळा. बहुतेक गाड्यांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. नवं पॅकिंगही गळलं तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतले वायू बाहेर काढणारी झडप) पाहा. तो तुंबला की आतला दाब ऑइल बाहेर ढकलतो.