इलाज मुलाचा, समुपदेशकापुढे आईबाबा

खूप घाबरणाऱ्या मुलाला मानसोपचारांसाठी न्यायचं, तर आधी त्याने यायला हवं. काही मुलं दारातच अडून बसतात, काही आत येऊन तोंडच उघडत नाहीत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांचा तोडगा चक्रावून टाकणारा आहे: मुलाला आणूच नका, तुम्ही दोघं या. या उपचारपद्धतीचं नाव ‘स्पेस’.

यामागचं शास्त्र सरळ आहे. माणसाचं लहान मूल संकटात ना लढू शकतं ना पळू शकतं. ते रडून आईबापांना बोलावतं. आईबापही धावतात. मग अंधाराची भीती म्हणून दहा वर्षांच्या मुलाशेजारी रोज कुणीतरी झोपतं, कुत्र्याची भीती म्हणून बाबा लांबच्या रस्त्याने शाळेत सोडतात. त्या क्षणी सगळ्यांनाच हायसं वाटतं. पण भीती आपोआपही ओसरते, हे शिकायची संधी मुलाला मिळत नाही आणि हळूहळू घर भीतीच्या तालावर चालू लागतं.

समजा, नऊ वर्षांची मुलगी शाळेतून आल्यावर ऑफिसातल्या आईला दर दहा मिनिटांनी फोन करते: ‘तू कधी येणार? तुला काही झालं नाही ना?’ इथे समुपदेशक आईबाबांना एकच गोष्ट निवडायला लावतो आणि काय बदलणार, कधीपासून, हे कागदावर उतरवून घेतो. मग मुलीला शांत वेळी चिठ्ठी वाचून दाखवायची: ‘आई घरी नसली की तुला फार भीती वाटते, हे आम्हाला कळतं. ती भीती तू सोसू शकतेस, याचीही आम्हाला खात्री आहे. सोमवारपासून आई तुझे दोनच फोन घेईल.’ यातली पहिली दोन वाक्यं एकत्र यावी लागतात. नुसतं कळवळून चालत नाही, नुसतं ‘त्यात काय घाबरायचं!’ म्हणूनही नाही. शिवाय बदलायचं आहे ते आईचं वागणं. मुलीवर कसलीही सक्ती नाही.

टाळाटाळीने भीती पोसली जाते, हे वर्तनोपचारांचं जुनं सूत्र. पण आईबापांनी ते घरात राबवायचं कसं? ती रीत आली इस्रायलमधल्या तेल अवीवचे मानसशास्त्रज्ञ हाइम ओमर यांच्याकडून आणि त्यांनी ती घेतली थेट गांधीजींच्या अहिंसक प्रतिकारातून! आक्रमक मुलांच्या पालकांना ओमर चक्क धरणं धरायला शिकवतात: मुलाच्या खोलीत जाऊन बसा, हे वागणं चालणार नाही एवढं सांगा आणि गप्प राहा. ओरडणं, धमकी, वाद, काही नाही. लोखंड तापलेलं असताना घाव घालावा म्हणतात. ओमर म्हणतात, थंड झाल्यावर घाला.

एकात्मिक उपचारांच्या नावाखाली थोडं ध्यान, थोडं संगीत, थोडं समुपदेशन अशी मिसळ पुष्कळदा खपवली जाते. मला तिचा भरवसा वाटत नाही. इथे मात्र उसना घेतलेला प्रत्येक भाग काही ठरावीक काम करतो आणि त्याची चाचणीही झाली आहे. येलमध्ये 7 ते 14 वयोगटातल्या 124 चिंताग्रस्त मुलांचे दोन गट केले. एका गटात मुलांना प्रचलित बोधात्मक-वर्तन उपचार (भीतीचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे, ‘सीबीटी’) मिळाले, दुसऱ्यात फक्त पालक 12 आठवडे समुपदेशकाकडे आले. 2020 मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार, दुसऱ्या गटातल्या मुलांची चिंता पहिल्याइतकीच उतरली.

मूल स्वतःला इजा करत असेल किंवा जिवाचं काही करून घेण्याची भाषा करत असेल, तर मात्र वाट न पाहता तज्ज्ञ गाठावा. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर विनामूल्य फोन करता येतो.

आपल्याकडची अडचण वेगळीच. आईने फोन घ्यायचा बंद केला, की आजी स्वतःच्या फोनवरून लावून देणार! पण ओमर यांनी नातेवाइकांनाही कामाला लावलं आहे आणि ‘स्पेस’नेही ते उचललं. आजीला आधीच विश्वासात घ्यायचं. संध्याकाळी तिने नातीला जवळ घेऊन एवढंच म्हणायचं: ‘आज दोनच फोन केलेस म्हणे, जड गेलं असेल ना गं?’