बनबसाची सीमा खुली आहे, पण कोणासाठी?

‘उत्तराखंडातल्या बनबसाहून नेपाळात चालत जाता येते, तिथे कोणालाच व्हिसा लागत नाही,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. त्यात निम्मे तथ्य आहे. १९५० च्या मैत्री करारानुसार भारतीय आणि नेपाळी नागरिकांना एकमेकांच्या देशात व्हिसाविना जाता येते. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मात्र जवळ ठेवावे. परंतु ही सवलत त्या दोन देशांच्या नागरिकांना आहे, त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला नाही. नेपाळातल्या शुक्लाफाँटा किंवा बर्दियाच्या जंगलात निघालेल्या मंडळींत अमेरिकेचा पासपोर्ट असलेला चुलतभाऊ असेल, तर त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) असले तरी त्याला नेपाळचा व्हिसा घ्यावाच लागतो, कारण ते कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे.

गैरसमज होणे स्वाभाविक आहे. या वाटेवरच्या शारदा बंधाऱ्यावरून सायकलस्वार आणि टांगे न थांबता पुढे जातात, आणि इमिग्रेशनचे छोटे कार्यालय सहज नजरेआड होते. परदेशी पासपोर्टधारकाने ते स्वतः शोधून भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का घ्यावा, त्यावरील तारीख तिथेच वाचावी आणि मगच नेपाळच्या बाजूच्या गड्डाचौकी या सीमा ठाण्याकडे निघावे. शिक्का नसल्यास तिथून परत फिरावे लागू शकते. पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, एवढे मुखपृष्ठावर पाहिले तरी आपल्याला कोणता नियम लागू होतो ते घरबसल्या कळते.