मॅरिटल स्टेटस: विदर्भातल्या कागदांवरचा एक रकाना कुठून आला

तालुक्याच्या सेतू केंद्रात अर्ज मराठीत असला तरी संगणकाच्या पडद्यावर बऱ्याचदा इंग्रजीच असते. नाव, गाव, जन्मतारीख सरसर भरली जाते आणि गाडी मॅरिटल स्टेटसपाशी, म्हणजे वैवाहिक स्थितीपाशी, अडते. पुढे नर्सिंगच्या नोकरीसाठी किंवा पासपोर्टसाठी हीच माहिती इंग्रजी वाक्यात लिहायची वेळ आली, की ‘शी इज मॅरीड विथ’ किंवा ‘माय मॅरेज इज डन’ असं काहीतरी उमटतं. याचा दोष इंग्रजीच्या मास्तरांवर टाकणं सोपं आहे. मला तो अर्धाच पटतो. कागद नेमकी कोणती स्थिती विचारतो आहे, हेच बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

विदर्भाच्या जुन्या महसुली कागदांत असा रकानाच नव्हता, कारण ती माहिती नावातच असायची. ‘रामा वल्द गोविंदा’, ‘चंद्रभागा जौजे रामा’, आणि रामा वारल्यावर ‘चंद्रभागा बेवा रामा’. वल्द म्हणजे मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा; हे शब्द फारसी दफ्तराच्या वळणाचे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, पण शब्द काही गेले नाहीत. इंग्रजी कागदांत वल्दचं ‘एस/ओ’, जौजेचं ‘डब्ल्यू/ओ’ आणि बेवाचं ‘डब्ल्यूडी/ओ’ झालं. नागपूर खंडपीठातल्या दाव्यांच्या शीर्षकांत हे शेवटचं रूप आजही भेटतं. गंमत अशी, की चंद्रभागा आधी गेली असती तर रामाच्या नावात काडीचाही फरक पडला नसता.

बेवा या शब्दाला जमिनीचाही संदर्भ होता. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरवला, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. विदर्भातल्या कुणबी, तेली, माळी अशा अनेक जातींत पाट लावायची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची, रीत या कायद्याच्या कितीतरी आधीपासून होती, आणि पटेनासं झालं तर पंचांसमोर काडीमोड, म्हणजे रूढीने घटस्फोटही होत असे. म्हणजे गावात व्यवस्था होती, फक्त तिचा कागद नव्हता.

माणसांना रकान्यांत बसवलं ते जनगणनेने. १८८१ च्या देशभरच्या मोजणीत प्रत्येकाची वैवाहिक स्थिती विचारली गेली आणि उत्तरं तीनच होती: अविवाहित, विवाहित, विधवा किंवा विधुर. मग काडीमोड झालेल्यांचं काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोजण्यांत प्रगणकांना सूचना होती, की घटस्फोट होऊन पुन्हा लग्न न केलेल्यांना विधवा-विधुरांत धरा. नवरा जिवंत, आणि सरकारी तक्त्यात बाई विधवा! उलट, पूर्ण विधी झाले नसले तरी समाज ज्यांना नवरा-बायको मानतो त्यांना विवाहित लिहा, असंही सांगितलं होतं. ही दुसरी सूचना मला त्या काळाच्या मानाने शहाणपणाची वाटते. पुढे घटस्फोटितांना विधवा-विधुरांपासून वेगळं मोजलं गेलं, तरी घटस्फोटित आणि विभक्त यांची गणती बराच काळ एकत्रच राहिली. २०११ च्या तक्त्यांत हे दोन गट वेगळे दिसतात.

कायद्याने खरी रेघ आखली ती १९५५ मध्ये. हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट न्यायालयात नेला, तरी कलम २९ मध्ये रूढीने होणारा घटस्फोट शाबूत ठेवला. परस्पर संमतीचा घटस्फोट १९७६ च्या दुरुस्तीने आला. अनुसूचित जमातींना हा कायदा केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय लागूच होत नाही. त्यामुळे मेळघाटातल्या कोरकूंचं, यवतमाळच्या कोलामांचं, गडचिरोलीच्या माडिया-गोंडांचं लग्न आणि मोडणं त्यांच्या रूढीने चालतं. मात्र अर्जात ‘डिव्होर्स्ड’वर टिचकी मारली की पलीकडून न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत मागतात. पंचांनी दिलेला निर्णय तिथे कुठे जोडायचा?

सगळ्यात अडचणीची जागा मात्र माहेरी बसलेल्या बाईची. घटस्फोट नाही, नवरा जिवंत आहे, पण नांदवत नाही. गावात तिला टाकलेली म्हणतात, शासकीय मराठीत परित्यक्ता. संजय गांधी निराधार योजनेच्या कागदांमुळे हा शब्द तहसील कचेरीत रुळला. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेची पात्रता ठरली तेव्हा विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि कुटुंबातली एक अविवाहित असे प्रकार सांगितले गेले. १८८१ च्या तीन उत्तरांशी ताडून बघा. इंग्रजी याद्यांत मात्र परित्यक्तेसाठी बहुधा वेगळी जागा नसते. जवळचा शब्द ‘सेपरेटेड’, आणि त्याचा अर्थ लग्न कायद्याने टिकून आहे पण दोघं वेगळी राहतात. म्हणून तिने ‘डिव्होर्स्ड’ लिहिणं चूक आणि ‘सिंगल’ लिहिणं त्याहून चूक. वाक्यच लिहायचं तर ‘शी इज सेपरेटेड फ्रॉम हर हजबंड’. सोडून जाणारा तो आहे हे नोंदवायचं असेल तर ‘हर हजबंड हॅज डेझर्टेड हर’. पासपोर्टच्या बाबतीत थोडा दिलासा आहे: डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या बदलांनुसार विवाहाचा दाखला लागत नाही, आणि विभक्त किंवा घटस्फोटित व्यक्तीवर जोडीदाराचं नाव देण्याची सक्ती नाही.

इंग्रजांच्या स्वतःच्या घरीही हे फार सुरळीत होतं असं नाही. इंग्लंडच्या विवाह नोंदवहीत २००५ पर्यंत अविवाहित पुरुष ‘बॅचलर’ आणि अविवाहित बाई ‘स्पिन्स्टर’ होती, आणि स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी. त्या वर्षी डिसेंबरपासून दोघांनाही ‘सिंगल’ लिहायला लागले. ‘मिस’ आणि ‘मिसेस’ यांच्यामधून वाट काढणारं ‘मिझ’ अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात १९०१ मध्ये सुचवलं गेलं आणि रुळलं १९७० नंतर. आपल्याकडे कु., सौ., श्रीमती, गं. भा. हे सगळं नावाआधीच सांगून टाकतं. २०२३ मध्ये विधवा शब्दाऐवजी सरकारी कामात गंगा भागीरथी वापरावं असा प्रस्ताव राज्याच्या एका मंत्र्याने पुढे केला, तेव्हा टीका झाली. ती व्हायलाच हवी होती. कपाळावरची पाटी बदलून पाटी जात नाही.

आता वाक्यांकडे. मराठीत लग्न ‘कुणाशी’ होतं, म्हणून ‘विथ’ सुचतं. इंग्रजीत ‘मॅरीड टू’. आजची स्थिती सांगायची तर ‘शी इज मॅरीड’. कधी झालं हे सांगायचं तर ‘शी गॉट मॅरीड इन २०१५’. नुसतं ‘शी वॉज मॅरीड’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, आता नाही. दहा वर्षं संसार चालू आहे, तर ‘शी हॅज बीन मॅरीड फॉर टेन इयर्स’. ‘हर हजबंड इज एक्स्पायर्ड’ हे आपल्याकडच्या अर्जांत सर्रास दिसतं. त्याऐवजी ‘शी इज अ विडो’ किंवा ‘हर हजबंड डाइड इन २०१८’. ‘विडो ऑफ’च्या पुढे ‘लेट’ नको, विडो म्हटल्यावर तो गेलाच आहे. पुरुषासाठी ‘विडोअर’. कधीच लग्न न झालेल्यांनी ‘नेव्हर मॅरीड’ लिहिलं तर शंकेला जागा राहत नाही, कारण बोलण्यात घटस्फोटितही स्वतःला ‘सिंगल’ म्हणवतात. आणि काडीमोड झालेल्या, पण हुकूमनामा नसलेल्या बाईसाठी चौकोनात टिचकी मारून भागत नाही. शेरा लिहायची जागा असेल तर तिथे ‘डिव्होर्स्ड बाय कस्टम’ असं स्पष्ट लिहावं आणि पंचांचा लेख असेल तर त्याची झेरॉक्स सोबत लावावी.