तान्ह्या बाळापासून बारावीपर्यंत : मुलांची वाढ आणि क्षमता मोजून घेण्याआधी पालकांनी वाचावं असं काही

गणपतीत चाकरमानी गावी आले की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "झील केवढो वाढलो गो तुझो!" वर्षातून एकदा बघणाऱ्याला वाढ लगेच दिसते, रोज बघणाऱ्या आईबाबांना ती कळतही नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात आम्ही मुलांची उंची, वजन आणि शारीरिक क्षमता मोजून देतो. कागद हातात पडल्यावर पालक जे विचारतात, ते इथे एकदाच लिहून ठेवलं आहे.

सगळ्यात पहिला प्रश्न असतो, "बरोबर आहे ना हो उंची?" एका मोजमापावरून याचं उत्तर देता येत नाही. समजा, नऊ वर्षांच्या दोन मुली आहेत. पहिली १२४ सेंमी, वर्गात ठेंगणी. गेल्या वर्षी ती ११८.५ होती. दुसरी १३३ सेंमी, रांगेत बरोबर मध्ये उभी राहणारी. गेल्या वर्षी ती १३१ होती. घरात काळजी पहिलीची चाललेली असते. डॉक्टरांकडे आधी न्यायला हवी दुसरीला. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं. वर्षभरात ४ सेंमीसुद्धा भरली नाही, तर थायरॉईड, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता, आतड्यांचा जुना विकार अशी कारणं तपासून घ्यावी लागतात. म्हणून आमच्या कागदावर मागच्या खेपेचा आकडा नेहमी शेजारी छापलेला असतो. दोन उंचींमध्ये किमान सहा महिन्यांचं अंतर ठेवा. दर महिन्याला मोजून हाती काही लागत नाही, कारण तेवढ्यातली वाढ मोजण्यातल्या चुकीएवढीच असते.

पहिल्या वर्षाचा वेग वेगळाच असतो. जन्मानंतरच्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं घटतं, दहा ते चौदा दिवसांत भरून येतं. तोवर घाबरून वरचं दूध सुरू करू नका. पाचव्या महिन्याच्या सुमारास वजन जन्माच्या दुप्पट होतं, पहिल्या वाढदिवसाला तिप्पट. ५० सेंमीचं बाळ वर्षभरात ७५ सेंमीच्या आसपास येतं. एवढ्या वेगाने माणूस पुन्हा कधीही वाढत नाही, अगदी वयात येतानाही. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय आम्ही दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासून धरतो. जन्मतारखेपासून धरलं तर ते बाळ विनाकारण मागे पडलेलं दिसतं.

मोजायचं कसं

यावर आम्ही जरा जास्तच लिहितो आहोत, कारण निम्मी चिंता चुकीच्या मोजमापातून उगवते.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाची लांबी झोपवूनच मोजायची. त्याला माणसं दोन लागतात. एक जण बाळाचं डोकं वरच्या स्थिर फळीला टेकवून धरतो, दुसरा गुडघे हलक्या हाताने दाबून पावलं सरकत्या फळीला टेकवतो. चुळबुळणाऱ्या बाळाला एकट्याने टेप लावली तर एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे सहज होतात. झोपवून घेतलेली लांबी उभ्याच्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंमी जास्त भरते, त्यामुळे दोन्हीची सरमिसळ चालत नाही. वजन करताना डायपर, चांदीचे वाळे, करदोटा सगळं उतरवावं. आजी करदोटा काढू देत नसतील तर नसू दे. आम्ही कागदावर तशी नोंद करतो आणि पुढच्या वेळीही करदोट्यासकटच तोलतो.

मोठ्या मुलांना अनवाणी उभं करतो. टाचा, पार्श्वभाग आणि पाठ पट्टीला टेकलेली, नजर समोर, डोळ्याची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत. वरची फळी केस दाबून टाळूपर्यंत आणायची. शाळेत रिबिनीने वर बांधलेल्या दोन वेण्या असतात, त्या आम्ही सोडायला लावतो. मुली कुरकुरतात, पण इलाज नाही. दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची एखाद्या सेंटिमीटरने कमी भरू शकते. म्हणून जून महिन्यात सकाळी मोजलेल्या मुलाला डिसेंबरातही सकाळीच बोलावतो.

आता आपल्याकडची अडचण. खाऱ्या हवेत स्प्रिंगचे काटे गंजतात आणि गंजलेला काटा कमी-जास्त काहीही दाखवतो. शिवाय जांभ्याची किंवा शेणाने सारवलेली जमीन सपाट नसते. म्हणून सोबत जाड फळी, लेव्हलची बाटली आणि ठरावीक वजनाचं माप घेऊनच आम्ही शाळेत येतो आणि मुलांच्या आधी काटाच तपासतो.

तक्ता कुठला

कुठल्या वयाला उंची-वजन साधारण किती असतं हे तक्त्यावर बघतात. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा २००६चा तक्ता वापरतो. तो ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांवरून बनला आहे; भारतातली मुलं दिल्लीची होती. त्यामुळे 'परदेशी तक्ता आमच्या पोरांना कशाला' ही तक्रार तिथे टिकत नाही. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५चे तक्ते आहेत. मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) मोठ्यांच्या मोजपट्टीवर कधीच बघू नका. १६ हा आकडा सहाव्या वर्षी ठीकठाक, पंधराव्या वर्षी मात्र बारीक म्हणावा असा. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर वय विचारत नसेल तर ते मुलासाठी नाही.

सहावी ते दहावी : खरी गडबड

मुली साधारण ८ ते १३ आणि मुलगे ९ ते १४ या वयात कधीही वयात यायला लागतात. ही मर्यादा चांगली ऐसपैस आहे. उंचीचा जोर मुलींना अकरा-बाराव्या वर्षी येतो, मुलांना त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्या काळात मुली वर्षाला ८-९, मुलगे ९-१० सेंमी वाढू शकतात. म्हणून सातवीच्या फोटोत मुली मागच्या ओळीत उभ्या असतात. मासिक पाळी सुरू झाली की उंचीचा मोठा भाग होऊन गेलेला असतो, पुढे साधारण ५ ते ७ सेंमी उरते. तेव्हा उंची वाढवण्यासाठी पाळीनंतर धावपळ करणाऱ्या आयांना आम्ही स्पष्टच सांगतो, बाईंनो, पैसे वाचवा.

या वयात पाय आधी लांब होतात, धड मागून येतं. मूल धडपडतं, धावताना पाय अडखळतात, बसून पुढे वाकण्याचा आकडा घटतो. पोरगा आळशी झाला असं घरी ठरवून टाकू नका. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला हाडाचा टेंगूळ दुखत असेल तर उड्यांचा सराव काही दिवस कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा.

क्रीडाशिक्षकांनाही एक सांगणं आहे. चौदा वर्षांखालच्या कबड्डी संघात निवड होते ती बहुतेक लवकर वयात आलेल्या मुलांची. उशिरा येणारा मुलगा दोन वर्षांनी त्यांना गाठतो, पण तोवर त्याला कुणी मैदानात बोलवत नाही. आमच्या अहवालात वयाबरोबर वाढीचा टप्पाही लिहिलेला असतो, तो निवडीच्या दिवशी उघडून बघा.

चाचण्या

खेलो इंडियाच्या शालेय चाचण्याच आम्ही घेतो. पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी बीएमआयखेरीज दोनच : एका पायावर तोल सांभाळणं, आणि टेबलावरच्या दोन चकत्यांना एकाच हाताने आलटून पालटून २५ फेऱ्या हात लावणं. लहान मुलांना ही दुसरी फार आवडते, पुन्हा पुन्हा मागतात. चौथीपासून ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणं, पोटाचे अर्धे उठाव आणि जोर. मुलींसाठी गुडघे टेकून जोर.

पन्नास मीटर पुळणीवर पळवून घेतले तर तो आकडा कशाशीच जुळत नाही, पाय रुततात. मैदान कडक हवं. सहाशे मीटर आम्ही सकाळी आठच्या आत उरकतो. ऑक्टोबरच्या आणि एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि पोरं चक्कर येऊन बसतात. दमा, हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल तर मूल धावणार नाही. त्याची बाकीची मोजमापं होतील.

आम्ही निदान करत नाही, औषध देत नाही, उंची वाढवणारी पावडर विकत नाही. लटकल्याने हाडं लांब होत नाहीत. घरची नाचणी, कुळीथ, पेडवे, बांगडे आणि रोज तासभर दम लागेल असं खेळणं, यापलीकडे आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तक्त्यावर मुलाची रेघ सोडून खाली किंवा वर सरकलेली दिसली, की चिठ्ठी देऊन बालरोगतज्ज्ञांकडे पाठवतो.

येताना माता-बाल संरक्षण कार्ड, शाळेचं जुनं आरोग्यपत्रक, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारल्या असतील तर त्यांचा तारखेसह फोटो आणा. आईबाबा दोघांनी यावं, कारण मूल मोठेपणी किती उंच होईल याचा अंदाज दोघांच्या उंचीवरून काढतो. दोघांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी त्यात १३ मिळवायचे, मुलीसाठी १३ वजा करायचे आणि निम्मे करायचे. बाबा १६८ आणि आई १५४ असेल तर मुलाचा अंदाज १६७.५, मुलीचा १५४.५, तोही सात-आठ सेंटिमीटर वर-खाली धरून. बाबांना मात्र आम्ही पट्टीखाली उभं करतोच. तोंडी सांगितलेली उंची बहुधा एखादा इंच जास्त निघते.